पिसावरचा आडवा वळ

जमादारचा उजवा पंख उन्हात उलगडला आणि ग्यानबाच्या तोंडातली सुपारी चघळायची राहून गेली.

जमादार म्हणजे त्याच्या कबुतरांतला सगळ्यात लाडका नर. पांढराशुभ्र, गळ्याला विटकरी पट्टा, आणि चालणं असं की अंगण त्याच्याच नावावर असावं. त्याच्या पंखाच्या बाहेरच्या दहा मोठ्या पिसांपैकी दोन नव्या पिसांवर एक बारीक आडवी रेघ उठली होती. सहज बघितलं तर दिसायची नाही. पण पीस उन्हासमोर धरलं की तेवढ्याच जागेतून उजेड आरपार यायचा, आणि अंगठ्याचं नख फिरवलं की नेमकं तिथं अडायचं. ग्यानबानं डावा पंख उघडला. तिथंही तीच दोन पिसं, तीच उंची. मग त्यानं ढाबळीतली, म्हणजे अंगणात खांबांवर ठोकलेल्या त्या लाकडी पेटाऱ्यातली, अकराच्या अकरा कबुतरं एकेक करून हातात धरली. एकही बिनवळाचं निघालं नाही.

"वळ हाय हा," तो कबुतरांनाच म्हणाला. "उपाशी मारलंय तुमाला कुणीतरी."

हे त्याला कुठल्या डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. ग्यानबा जन्माचा धनगर. साठ वर्षं मेंढरांमागं हिंडून गुडघे गेले म्हणून पेडगावात घरी बसलेला, नाहीतर आजही माळावर असता. त्याचा बाप सांगायचा, अंगातून जे जे उगवतं, लोकर म्हणा, शिंग म्हणा, खूर म्हणा, त्याला उपास कळतो. जनावर तापलं किंवा उपाशी राहिलं की त्या दिवसाचा उगवा कच्चा निघतो. लोकर तिथंच तुटते, खुरावर तिथंच आडवा वळ येतो. ग्यानबा परक्याचं मेंढरू हातात धरून सांगायचा की हे गेल्या आषाढात आजारी होतं, आणि मालक तोंडात बोट घालायचा. मेंढरांचं हे शास्त्र त्यानं कबुतरांना लावलं, आणि ते तिथंही खरं निघालं.

आता एका रेघेपायी एवढा जीव का काढायचा, असं कुणी म्हणेल. त्यानं गेल्या माघातली शर्यत बघितलेली नाही. सकाळी सगळ्यांची कबुतरं एकदम सोडायची आणि ज्याचं कबुतर सगळ्यात उशिरा खाली उतरेल तो जिंकला, असा तो खेळ. चुडाव्याच्या सुग्रीवची कबुतरं दिवस मावळेपर्यंत आभाळात राहिली. ग्यानबाची दुपारीच घरावर येऊन बसली. पिसं फाटून खराट्यासारखी झालेली. वर सुग्रीव चार माणसांत म्हणाला, "तात्या, तुमी आपली मेंढरंच पाळा. त्यायला उडायचं नसतं." माणसं हसली. ग्यानबाही हसला, पण ते हसू त्याच्या पोटात अजून कुजत होतं.

तेव्हाच त्यानं ठरवलं होतं, पुढच्या साली पिसं अशी आणायची की सुग्रीवनं हात लावून बघावीत. पावसाळ्यात कबुतराची जुनी पिसं गळतात आणि नवी फुटतात. जी फुटतील त्यांच्यावर वर्षभर उडायचं. त्या दोन-तीन महिन्यांत जे पोटात जाईल तेच पंखात उतरणार. म्हणून ज्वारीत करडई मिसळायची, वर मूठभर जवस, चाटायला जुन्या भिंतीचा चुना. आठवड्यातून दोनदा घमेल्यात लिंबाचा पाला टाकून अंघोळीला पाणी, आणि रोज सकाळचं कोवळं ऊन. घरात त्या जवसाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. एकदा सुनेनं त्यातला ओंजळभर जवस चटणीला म्हणून तव्यावर टाकला, तर ग्यानबानं तव्यासकट उचलून नेला होता. "ते कबुतरांचं हाय," एवढंच म्हणाला होता.

सून म्हणजे चंदा. लग्नाला तीन वर्षं झालेली. नवरा मल्हार मेंढरं घेऊन कायम बाहेर, सासू वारलेली, म्हणून म्हाताऱ्याला भाकरी घालायला चंदाला घरी ठेवलेलं. पोरगी कामाला वाघीण, तोंडानं कमी. आणि तिचं माहेर कुठलं? चुडावा. सुग्रीवच्या घरापासून तिसरं घर. आजवर ग्यानबाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. त्या सकाळी दिसलं.

त्यानं बोटाच्या पेरांनी पीस मोजलं. रोज किती वाढतं हे त्याला पाठ होतं, त्यावरून मागं मागं जात तो पोळ्यानंतरच्या आठवड्यावर येऊन थांबला. थांबला आणि त्याचे डोळे बारीक झाले. त्याच आठवड्यात तो घरी नव्हता. येलदरीकडच्या डोंगरात मल्हारच्या मेंढरांना खुरी लागली होती, आणि खूर कापून औषध भरायला म्हाताऱ्याइतका हात कुणाचा नव्हता. मल्हारनं टेम्पो पाठवून त्याला पाच दिवस नेला होता. जाताना ग्यानबानं चंदाला दहा वेळा बजावलं होतं की पिसं धरायचे दिवस आहेत, एक वेळचा दाणा चुकता कामा नये.

चंदा चुलीपुढं भाकरी थापत होती.

"चंदा, म्या येलदरीला गेलतो तवा दाणा टाकला व्हतास का?"

तिचा हात भाकरीवर क्षणभर थांबला. "टाकला की, मामा."

"रोज?"

"रोज."

"जवसासकट?"

"सगळं," ती म्हणाली आणि भाकरी तव्यात टाकली.

तो थांबलेला हात ग्यानबानं बरोबर टिपला. मेंढरांत लांडगा शिरला की आधी कुत्र्याचे कान बघावेत, हे त्याला ठाऊक होतं. पोरगी खोटं बोलत होती. प्रश्न एवढाच होता की का.

एकदा माणसानं शोधायचं ठरवलं की सापडायला वेळ लागत नाही. उकिरड्यावर राख टाकायला गेला तर तिथं गोळ्यांची दोन रिकामी पाकिटं दिसली. एक पांढऱ्या गोळ्यांचं, एक लाल. ग्यानबाला कधी डोकेदुखीची गोळी लागली नाही, चंदानं कधी मागितली नाही. मग गोळ्या कुणाच्या पोटात गेल्या? त्यानं ढाबळीकडं बघितलं आणि पाकिटं धोतराच्या सोग्यात बांधून ठेवली.

मग पारावर बसलेला महारुद्र सहज बोलून गेला, "तात्या, पोळ्यानंतर तुमच्या दारात अ‍ॅटो आलता की. भर दुपारचा. कोण पाव्हणं व्हतं?"

ग्यानबाच्या दारात दुपारी अ‍ॅटो! "आसंल कुणी," असं म्हणून तो उठला, पण घरी येईपर्यंत त्याला अ‍ॅटोत बसलेला सुग्रीव स्पष्ट दिसू लागला होता. पुढं आणखी एक कळलं. त्याच दिवसांत शेजारची कासाबाई टोपली घेऊन ढाबळीशी उभी असलेली पलीकडच्या आळीतल्या बाईनं पाहिली होती. आता कासाबाईला कबुतरांची एवढी तिडीक की त्यांची विष्ठा वाळवणावर पडते म्हणून तिनं दोनदा भांडण काढलेलं. ती टोपली घेऊन तिथं कशाला जाईल?

झालं. गोळ्या, अ‍ॅटो, टोपली आणि चुडावा. ग्यानबानं चारही टोकं ओढली आणि गाठ मारली. सुग्रीवनं माहेरच्या ओळखीनं चंदाला फितवलं, तिनं कासाबाईला सामील करून घेतलं, आणि दोघींनी मिळून त्याच्या कबुतरांची पिसं नासवली. आता पंखाला ऐन वाऱ्यात तडा जाणार, नेमका त्या वळावर, आणि माघात पुन्हा चार माणसं हसणार.

त्या दिवसापासून घराची कचेरी झाली. दाण्याचं पोतं वारलेल्या बायकोच्या लोखंडी पेटीत गेलं आणि किल्ली ग्यानबाच्या करदोट्याला. घमेल्यातलं अंघोळीचं पाणी त्यानं बंद केलं, कारण पाण्यात कुणीही काहीही कालवू शकतं. ढाबळीचं दार सकाळच्या उन्हातही लावलेलं असायचं आणि समोर काठी घेऊन तो स्वतः. ढाबळीपुढं तो राख पसरायचा आणि सकाळी वाकून त्यात पाऊलखुणा बघायचा. एकदा सापडल्या. दिवसभर त्यानं चंदाच्या पायांवर नजर ठेवली, संध्याकाळी लक्षात आलं की त्या त्याच्याच वहाणेच्या होत्या. लाज वाटायची ती वाटली नाहीच. उलट कुणी मुद्दाम त्याच्या वहाणा घालून आलं असेल का, यावर त्यानं तासभर विचार केला.

कबुतरांना ना पाणी, ना ऊन. पिसांवरची चकाकी उतरायला लागली. जमादार कोपऱ्यात मान आत घेऊन बसायचा. ग्यानबा म्हणायचा, बघा, अजून विष चाललंच आहे.

चंदा त्याला काही विचारत नव्हती. ती बारीक झाली होती, चालताना मध्येच भिंतीला हात लावायची. ग्यानबाच्या हिशेबी हे सगळं मनातलं पाप. एक दिवस भाकरीत केस निघाला, दुसऱ्या दिवशी कालवणात. तिसऱ्या दिवशी तो ताटावरून उठला. "किती केस गळायलेत तुजे? माणसानं जेवावं का न्हाई?"

"झाकून घेते डोकं, मामा," ती म्हणाली आणि पदर घट्ट बांधला.

दसरा झाला. सोनं वाटायला आलेल्या कासाबाईला ग्यानबानं आपट्याचं पान दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं अंगणात उभं राहून, घरात नीट ऐकू जाईल अशा आवाजात मल्हारला फोन लावला.

"ये आन् बायकोला चुडाव्याला सोडून ये. कायमची. आरं, घरात राहून घर पोखरायली ती! न्हाई, फोनवर सांगत न्हाई. तू ये."

चंदा आत ज्वारी निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, खुंटीवरची पिशवी काढली, झटकली आणि घडी करून पुन्हा अडकवली. एवढंच केलं. रडली असती तर ग्यानबाला बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मल्हार आला. अंगाला मेंढरांचा वास, डोळ्यांत झोप, आणि चेहऱ्यावर बाप आणि बायको यांच्यामध्ये सापडलेल्या माणसाची कळा. ग्यानबानं त्याला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. सोग्यातली गोळ्यांची पाकिटं पुढं टाकली, जमादारचा पंख उलगडून वळ दाखवला, अ‍ॅटोचं सांगितलं, टोपलीचं सांगितलं. कासाबाईला हाक मारून बोलावून घेतलं. ती कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

"चंदा, काय हाय हे?" मल्हारनं विचारलं.

चंदा खांबाला टेकून उभी होती. "मामांनी सांगितलं की."

"तिला काय इचारतूस?" ग्यानबा म्हणाला. "भंडारा उचलू दे."

बिरोबाच्या देव्हाऱ्यातला भंडारा, म्हणजे हळद, हातात घेऊन जे बोललं ते धनगराच्या घरात शेवटचं. भंडारा उचलून कुणी खोटं बोलत नाही आणि भंडाऱ्यावर घेतलेल्या शब्दाला पुढं कुणी आव्हान देत नाही. ग्यानबानं पितळी डबी आणून मधोमध ठेवली. त्याची खात्री होती की पोरगी कच खाईल. चंदा पुढं आली, खाली बसली आणि तिनं चिमूट घेतली नाही, दोन्ही हात डबीत घालून मुठी भरल्या.

"बिरोबाची आन हाय," ती म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. "म्या दाणा टाकला न्हाई. दोन दिस कबुतरं उपाशी व्हती. तिसऱ्या दिशी कासाकाकूनं टाकला. मामांना म्या खोटं बोलले."

"ऐकलंस?" ग्यानबा ताडकन उभा राहिला. गुडघ्याची कळही त्याला जाणवली नाही. "ऐकलंस का मल्हार? म्या म्हणत व्हतो का न्हाई?"

चंदानं मुठी उघडून भंडारा डबीत परत सोडला आणि हात एकमेकांवर झटकले. हळद उडाली, बोटं मोकळी झाली. पण नखांवरून ती पूर्ण निघाली नाही. ग्यानबाचं लक्ष तिथं गेलं आणि तो बोलता बोलता थांबला.

प्रत्येक नखावर एक पिवळी रेघ होती. आडवी. मुळापासून थोडी वर, सगळ्या बोटांवर एकाच उंचीला. खाचेत बसलेली हळद झटकून निघत नव्हती.

तो खाली बसला. न विचारता त्यानं तिचा उजवा हात हातात घेतला आणि कबुतराचा पंख उलगडावा तशी तिची बोटं एकेक करून पसरली. अंगठ्याचं नख तिच्या नखावरून फिरवलं. अडलं. पुढच्या बोटावर अडलं, त्याच्या पुढच्यावर अडलं. मग डावा हात. माणसाचं नख किती दिवसांत किती सरकतं हेही त्याला अदमासानं कळत होतं, खुराइतकंच हळू. मोजायची गरज नव्हती, तरी त्यानं मोजलं. पोळ्यानंतरचा आठवडा.

कबुतरांच्या दोनच पिसांवर वळ होता. हिच्या दाही नखांवर होता.

"ताप आलता तुला?" ग्यानबानं विचारलं.

कासाबाई बोलली, आणि बोलली ती आतापर्यंत साठवलेलं सगळं. "ताप म्हणं! डेंगू झालता तिला. दोन दिस त्या चुलीपशी पडली व्हती, पाणी द्यायला कुणी न्हाई. मला तिसऱ्या दिशी कळलं, तेबी चूल पेटली न्हाई म्हणून डोकावले. ह्या हातानं उचलून अ‍ॅटोत घातली, दवाखान्यात सलाईन लावलं, गोळ्या आणल्या. आन् शुद्धीवर आल्यावर बया मला काय म्हणती? काकू, कबुतरांला दाणा टाका. म्हणून गेलते तुज्या ढाबळीकं टोपली घिऊन! वाळवण नासवणाऱ्या पाखरांला माज्या घरची ज्वारी घातली!"

"मला का न्हाई फोन केलास?" मल्हारनं विचारलं.

"लावला व्हता. लागला न्हाई तुमचा," चंदा म्हणाली. "बरं वाटल्यावर वाटलं, सांगितलं तर मेंढरं टाकून येताल."

"आन् मला?" ग्यानबा म्हणाला. "म्या तर घरी आलो व्हतो."

चंदानं त्याच्याकडं बघितलं. तीन वर्षांत तिनं सासऱ्याकडं असं सरळ पाहिलं नव्हतं.

"आल्या आल्या तुमी इचारलं, कबुतरं कशी हायत. म्या म्हणलं, बरी हायत. माजं तुमी इचारलंच न्हाई, मामा."

ग्यानबाला तो दिवस आठवला. टेम्पोतून उतरून तो थेट ढाबळीशी गेला होता. दारात चंदा भिंतीला धरून उभी होती, हे त्यानं पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि पुढं गेला होता. पीस उन्हात धरून उपासाचा दिवस सांगणारा माणूस, आणि दीड महिना समोर वावरणाऱ्या पोरीचे गळणारे केस त्याला फक्त भाकरीत दिसले. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की तिचा हात सोडायचंही त्याला सुचेना.

मल्हारनं खुंटीवरची पिशवी काढून कोपऱ्यात भिरकावली. "कुटं जायचं न्हाई. झालं ते झालं."

"जाते," चंदा म्हणाली आणि उठून पिशवी उचलली. "मामा घालवायलेत म्हणून न्हाई. मला आईकडं जायचंय. पंधरा दिस कुणीतरी मला जेवाय वाढावं, एवढंच."

ती आत गेली आणि पिशवी भरायला लागली. पंधरा दिवस म्हणाली होती, पण परत येईल की नाही हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. ग्यानबाला कळत नव्हतं आणि मल्हारलाही.

ग्यानबानं करदोट्याची किल्ली सोडली. पेटी उघडली, जवसाची थैली काढली आणि चुलीपुढं जाऊन बसला. गुडघे दुमडताना कळ आली. बायको गेल्यापासून त्यानं तव्याला हात लावला नव्हता. जवस तडतडून अंगावर उडाला, थोडा करपलाही. खलबत्त्यात त्यानं लसूण, मीठ, तिखट घालून तो कुटला. मल्हार पुढं झाला, तर त्याला हातानंच मागं सारलं. थैलीत होता तेवढा सगळा जवस त्यानं संपवला.

अ‍ॅटो दाराशी येऊन उभा राहिला तेव्हा चटणीचा डबा फडक्यात बांधून झाला होता. तो त्यानं स्वतः चंदाच्या पिशवीत वर ठेवला.

"रोज खा. भाकरीसंगं," तो म्हणाला. "केसाला, नखाला बरी असती."

चंदानं फडक्यातल्या डब्याला हात लावून बघितला. अजून गरम होता. "आन् कबुतरांला?"

"त्यायचं बघू." तो अडखळला. "दिवाळी झाल्यावर येशील तवा हात दाखव मला. वळ किती वर सरकला बघतो."

ती अ‍ॅटोत बसली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. पिशवी मात्र तिनं खाली न ठेवता मांडीवर घेतली.

अ‍ॅटो वळणापलीकडं गेला तरी ग्यानबा दारातच उभा राहिला, मग ओट्यावर बसला. मल्हार जेवायला बोलावून गेला, कासाबाई काहीतरी पुटपुटत दोनदा समोरून गेली. ढाबळीत अकरा कबुतरं दाण्यासाठी घुमत होती, ते त्याला ऐकू आलं नाही. आठवण झाली तेव्हा दिवस मावळला होता. जमादारचं शेवटचं पीस अजून वाढतच होतं, त्याच्यावर आता आणखी एक वळ उठणार होता. तो कुणामुळं उठला, हे ग्यानबाला या वेळी कुणाला विचारावं लागणार नव्हतं.